वाटी बुडेपर्यंत

माझा सासरा इद्दर पाणी मोजायचा.
घागरींनी नव्हे, वेळेनं.
परातीतल्या पाण्यावर तांब्याची वाटी सोडायचा,
बुडाशी सुईएवढं भोक असलेली.
वाटी हळूहळू भरायची, टुपकन बुडायची.
तो खजुराच्या पातीला एक गाठ मारायचा
आणि हाक द्यायचा,
"हम्मूचं दार बंद! येझ्झाची पाळी!"

चौतीस वर्षं.
डोंगराखालच्या भुयारी पाटाचं बोटभर पाणी
एकशे बारा घरांत,
आणि एकही डोकं फुटलं नाही.

नदी होती आम्हाला.
म्हणजे तिला नाव होतं,
मेलेल्या माणसाला असतं तसं.
तिच्या पात्रात गुरुवारचा बाजार भरायचा,
पोरांचे गोलपोस्ट होते, दोन पिंपं आणि एक दोरी.
ब्राहीमनं तिथंच टायरचं दुकान टाकलं,
"भाडं मागायला कोण येणार?" म्हणायचा.

सात वर्षं आभाळ कोरडं.
पोरींनी लाकडी पळीला नवरीसारखं नटवलं,
दारोदार नाचवलं.
आम्ही पळीवर पाणी शिंपडलं.
प्यायचं पाणी.

मग सप्टेंबरात, शुक्रवारी, पाऊस पडला.
आमच्याकडे नाही.
तिकडे, अ‍ॅटलासच्या पाठीवर कुठंतरी.
आमच्यावर चांदणं होतं.
आधी ओल्या मातीचा वास आला,
पोरं हसत उठली.
मग आवाज.
इद्दर म्हणाला, "ट्रक आहेत."
इतके ट्रक आमच्या गावाला कोण पाठवणार?

माझं नाव तूदा. आमच्या बोलीत 'पुरे'.
चौथी मुलगी झाल्यावर बापानं ठेवलेलं.
त्या रात्री छपरावर मी ओरडत होते म्हणतात,
तूदा, तूदा.
स्वतःला हाक मारत होते
की पाण्याला सांगत होते,
मला आठवत नाही.

मातीच्या भिंती पडल्या नाहीत.
पडण्याचा आवाज तरी होतो.
त्या विरघळल्या,
चहाच्या किटलीत साखरेची ढेप विरते तशा.
येझ्झाचं घर तिच्यासकट.
सकाळी तिथं फक्त दार उभं होतं,
चौकटीत, कडी लावलेलं.
खजुराची झाडं पाय वर करून पडलेली,
खेचरं बाजाराच्या जागी,
ब्राहीमचे टायर मशिदीच्या पायऱ्यांवर.
ब्राहीम नवव्या दिवशी.

साहेब आला फॉर्म घेऊन.
घर, जनावरं, भांडी, इतर.
येझ्झा कशात लिहायची ते त्यालाही कळेना.
त्यानं इद्दरला विचारलं,
"बाबा, पाणी अंदाजे किती होतं?"
पाणी मोजणारा माणूस
साहेबाच्या पेनाकडे बघत राहिला.

भुयारी पाट गाळानं बुजलाय.
उपसायला माणसं हवीत,
माणसं अगादीरला गेली, बांधकामावर.
मंगळवारी टँकर येतो.
पहिल्या मंगळवारी रांगेत दोन डोकी फुटली.

वाटी सापडली मला,
दीड कोस खाली, बाभळीच्या मुळीत.
इद्दरनं दाभणानं भोकातली रेती काढली,
फडक्यानं पुसली,
मदतीत आलेल्या निळ्या प्लास्टिकच्या टबात
ती पाण्यावर सोडली.
आता टँकरचा नळ तिच्यावर चालतो.
एका घराला एक वाटी.
लोक गप्प उभे राहतात.
कुणी हुज्जत घालत नाही.

पूर्वी ती बुडायला अकरा मिनिटं लागायची.
आता नऊ लागतात.
रेतीनं भोक रुंदावलंय.
त्यानं हे कुणाला सांगितलेलं नाही.
मी माझ्या घड्याळात दोनदा पाहिलं,
आणि घड्याळ पदराखाली घेतलं.