वर ऊन आहे

खाली आमच्या खोऱ्यात अकरा दिवस धुकं बसून आहे,
भिजलेल्या घोंगडीसारखं, हलायचं नाव नाही.
बेकरीतली बाई सुटे पैसे परत देताना
ज्याला त्याला सांगते, "वर ऊन आहे म्हणे."
म्हणून आज, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी,
रात्रीच घड्याळं तासभर मागे सरकवून
निम्मं गाव निघालंय बेली रोबच्या कड्याकडे
काठ्या टेकत.

बाबा पुढे. पोलादाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं
नुसत्या रंगावरून भट्टीचा ताप सांगणारे बाबा.
मी दोन पावलं मागे.
बीचची पानं घोट्यापर्यंत, तांब्याच्या किसासारखी,
खाली दगड कुठे, मूळ कुठे, पत्ता लागत नाही.
ते पाय आधी ठेवून बघतात, मग भार टाकतात.
हे त्यांचं चालणं नव्हे.
झाडांवर वाटेच्या खुणा रंगवलेल्या,
लाल कडं, मधे पांढरा ठिपका.
प्रत्येक खुणेवर तळवा टेकून ते पुढे होतात.
"रंग उडालाय," म्हणतात.
रंग गेल्याच वर्षी दिलाय.
मी काही बोलत नाही.

लार्चची झाडं लागली तिथं धुकं विरळ झालं,
आणि मग एकाएकी संपलंच,
कुणी डोक्यावरून सदरा ओढून काढावा तसं.
निळं. इतकं निळं की सगळे जरा लाजले,
टोप्या काढल्या, कुणी उगाच शिंकलं.
वारा नसताना पिवळ्या सुया गळत होत्या,
बाबांच्या खांद्यांवर, भुवयांवर.

कड्यावरच्या बाकावर मिलोइका आधीच पोचलेली,
चाळीस वर्षं टपाल वाटलेली, दोन्ही गुडघे नवे.
तिनं अक्रोडाची पोतित्सा कापली,
थर्मासातल्या चहाला रमचा वास.
समोर बघण्यासारखं काहीच नव्हतं.
पांढरं, सपाट, पार पलीकडच्या रांगेपर्यंत.
आझ्बे नावाचा कुणाचा तरी नातू रुसला,
"एवढं चढून आलो ते हे बघायला?"

तेव्हा बाबांनी काठी उचलली.
"हे इथं चर्च. डाव्या हाताला शाळा, तुझी.
हा पूल. पुलाखाली नदी वळते तिथं मासे.
हे तुझ्या आजीचं छप्पर.
आणि हे आमचं धुराडं."
"धुराडं पाडून नऊ वर्षं झाली, वॉयको."
"तुम्ही पाडलं असेल, मिलोइका. मी नाही पाडलं."
हसले सगळे, आणि मग एकेक जण उठून
त्या कोऱ्या पांढऱ्यात बोट रोवू लागला,
हा माझा गोठा, हे सफरचंदाचं झाड,
हे वळण, जिथं लग्नाची गाडी खड्ड्यात गेली होती.
खालून एक कुत्रं भुंकलं,
त्याचंही नाव कुणीतरी सांगितलं.

दुपारी धुकं फाटलं.
आधी एक शेत, मग चर्चचं टोक, मग अख्खं खोरं
ओलं, लख्ख, लहानसं.
माणसं कठड्याशी धावली.
बाबांची काठी अजून हवेतच होती,
टोक पुलावर नेमकं, तसूभर इकडेतिकडे नाही,
आणि ते आझ्बेला समजावत होते,
"थांब जरा. उघडलं ना, की दिसेल."

मी सफरचंद कापत होते. कापतच राहिले.
पोरानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.
"आजीच्या छपरावर निळी ताडपत्री आहे, आजोबा."
काठी हळूहळू खाली आली.
"ताडपत्री?" बाबा म्हणाले. "कधी घातली?"

उतरताना त्यांनी माझ्या पिशवीचा पट्टा धरला.
"गुडघा," एवढंच.
पुन्हा धुक्यात शिरलो, तेव्हा दोघांना सारखंच दिसत होतं,
म्हणजे काहीच नाही,
आणि ते पट्टा सोडून भराभर पुढे चालू लागले,
मलाच हाका माराव्या लागल्या.

खाली चिखल, कुजक्या पानांचा वास.
गाडीपाशी त्यांनी खिशातून किल्ली काढली,
अंगठ्यानं तिचे दाते चाचपले
आणि माझ्या हातात ठेवली.
"तू चालव. माझे बूट ओले आहेत."

माझेही ओलेच होते.