इतिवृत्त

कीघली. फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार, संध्याकाळ.
मेथडिस्ट चर्चच्या मागची खोली, बॉयलर बंद.
हजर: पाच संस्था, पाद्री धरून सहा माणसं.
कोट कुणीच काढला नाही.
इतिवृत्त माझ्याकडे,
कारण माझं अक्षर चांगलं आहे
असं एकोणीस वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं होतं
आणि इथे एकदा गळ्यात पडलेलं काम
पेन्शनपर्यंत सोबत करतं.

विषय पहिला: कौन्सिलचं पत्र.
सगळ्यांनी ते घरी वाचलं होतं,
तरी ग्लेनिसने पुन्हा मोठ्याने वाचलं,
आजाऱ्याचा ताप सांगावा तशा आवाजात.
एकतीस मार्चनंतर अनुदान नाही.
खाली सही. सहीच्या वर शुभेच्छा.

शुभेच्छांवर तस्नीम हसली.
तिच्या शिवणवर्गात मशीनपेक्षा बाया जास्त
आणि बायांपेक्षा त्यांच्या न सांगितलेल्या गोष्टी.
यादविगाच्या शनिवारच्या शाळेला
छप्पर आहे ते जूनपर्यंत.
माझ्या कर्जसल्ल्याच्या टेबलावर
न उघडलेली पाकिटं, पिशव्या भरभरून.
ग्लेनिसकडे वाटाण्याच्या डब्यांची रांग
आणि माणसांची रांग,
पैकी एकच वाढतेय.
(नोंद: मागणीत वाढ.)

विषय दुसरा: एकत्र व्हायचं का.
खोली अशी गप्प झाली
जशी ठरत आलेल्या सोयरिकीत
देण्याघेण्याचं निघाल्यावर होते.

मग बर्नर्ड सग्डेन बोलला. वय एक्याऐंशी.
त्याच्या मंडळाची एक गाडी आहे,
म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेते-आणते.
गिरणीतल्या विणकरांनी आठवड्याला पेनी टाकून
मंडळ काढलं, तेव्हा ते
मयताच्या खर्चासाठी होतं.
"नाव जाणार असेल," तो म्हणाला,
"तर हा मी उठलो."
आणि उठला नाही.
(हे लिहिलं नाही.)

मला आईची सांगलीतली भिशी दिसायला लागली.
बारा बायका, एक स्टीलचा डबा, चिठ्ठ्या.
एखादीचं अडलं तर दुसरीने आपला नंबर सोडायचा.
भिशीला नाव नव्हतं, लेटरहेड नव्हतं.
नळावरून अबोला धरलेल्या दोघी
त्या दिवशी एकाच सतरंजीवर बसून
एकमेकींकडे न बघता पैसे मोजायच्या.
मी हे सांगितलं. माझ्या इंग्रजीत ते
निम्मं सांडलं.
यादविगा म्हणाली, माझ्या वडिलांच्या कारखान्यात होतं असं.
बर्नर्ड म्हणाला, म्हणजे पेनीच की.

एक ना धड भाराभर चिंध्या,
आणि चिंध्यांवरून गोधडी, हेही जिभेवर आलं होतं.
पण समोर तस्नीम होती,
जिला ठाऊक आहे की चिंध्या जोडताना
आधी प्रत्येकीची कड कापावी लागते.
गप्प बसले.

चहा. प्रत्येक संस्थेची किटली वेगळी,
प्रत्येकीवर चिठ्ठी, एकीवर "हात लावू नये".
ग्लेनिसने दोन एकदम लावल्या
आणि फ्यूज उडाला.
अंधारात कुणीतरी शिवी हासडली, बहुधा पाद्र्यानेच.
मग एक टॉर्च, एक शिडी, शिडी धरणारे चौघे
आणि वर एक्याऐंशीचा बर्नर्ड,
कारण कुठला फ्यूज ते फक्त त्याला माहीत.
खालून चौघेही एकदमच ओरडत होते: सांभाळून!
इतकं एकमत त्या दिवशी दुसरं झालं नाही.

निर्णय: किटली एक.
गाडी शनिवारी शाळेची, शुक्रवारी डब्यांची.
नावाचं पुढच्या मंगळवारी.

जाताना बर्नर्डने गाडीची दुसरी किल्ली
टेबलावर ठेवली, विसरल्यासारखी.
ती कुणी उचलायची हे ठरलं नव्हतं.
मी वही तिच्याखाली सरकवली
आणि कडेकडेने पेन फिरवलं,
लहान मुलं आपल्या पंज्याभोवती फिरवतात तसं.

पान चौथं पाहावं.
तिथे अक्षर नाही.