सोडण्याचं कारण

शिरोलीच्या फौंड्रीत मी टाइमकीपर.
माझ्या रजिस्टरात एक रकाना आहे, बोटभर रुंद:
नोकरी सोडण्याचं कारण.
एकोणीस वर्षं त्यात एकच लिहीत आलोय,
घरगुती.
शब्द तेवढ्यात बसतो. शाईही कमी लागते.

खरं तर घरी काही नसतं.
आई धडधाकट, म्हैस दूध देतेय,
लग्न ठरलंय तेही याच पगारावर.
तरी दोन नंबर शेडमधली पोरं
दिवाळीचा बोनस जमा झाला की
सेफ्टी बूट काढून ठेवतात स्टोअरच्या दारात, ओळीनं.
गेल्या साली बेचाळीस जोड मोजले.

दोन नंबरला फळा आहे.
काल किती माल बाद, कुणाच्या हातचा,
लाल खडूनं, नावानिशी.
सुपरवायझर येता-जाता त्यावर डस्टर आपटतो.
पोरं तिथं लवकर तयार होतात, हे मान्य केलं पाहिजे.
महिन्याभरात कळतं त्यांना
पोकळ निघालेलं हाउसिंग
वाळूच्या ढिगात किती खोल पुरायचं.

शीतल मगदूम तिथलाच. आयटीआय झालेला,
हाताला हुशार, तोंडानं अबोल.
अर्जात त्यानंही तेच लिहिलं.
मी विचारलं नाही. साडेपाचची बस धरायची होती.

दोन वर्षांनी गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर,
म्हशीची धार काढून होईतो
आम्ही शेजारी शेजारी उभे.
म्हणाला,
"सायेब, नऊ म्हैने होतो तितं.
एकदाच इचारलं, वाळू जास्त ओली हाय का म्हणून.
'एवढं बी कळत न्हाई व्हय रं?' सगळ्यांम्होरं.
मग परत न्हाई इचारलं कदी."
पेला तोंडाला लावला, खाली घेतला.
"ओलीच हुती वाळू त्या दिशी."
त्याच्या ओठावर फेसाची मिशी,
हसावं की नाही मला समजेना.

एक नंबरला दस्तगीरचाचा मुल्लाणी.
वरचा पत्रा तोच, भट्टीची धग तीच,
पगार रुपयाला रुपया तोच,
पंखा उलट एक कमी.
चाचा नव्या पोराच्या मुठीत वाळू देतो.
"आवळ. आता मोड.
कड साफ तुटली तर पाणी बराबर."
पोराचं चुकतं. चाचाचंही चुकतं कधी कधी.
मग बाद कास्टिंग चहाच्या टेबलावर येतं,
कटरनं उभं चिरतात,
आतल्या भोकावर सहा डोकी वाकतात
आणि बोलणं निघतं, कुठं चुकलं.
कोण, ते कुणी विचारत नाही.
चहा संपायच्या आत
ज्याचं असतं तोच सांगतो.

तिथूनही जातात लोक. खोटं कशाला बोलू.
महादेव कांबळेनं कागलला स्वतःची शेड टाकली,
जाताना गेटपर्यंत पेढे वाटत गेला.
रकान्यात बसवायला मला
अक्षरं बारीक काढावी लागली.

पोरं टिकत का नाहीत,
हे शोधायला पुण्याहून दोन माणसं आणली मालकांनी.
दोन नंबरला कूलर बसले,
दर महिन्याला वाढदिवसांचा केक.
पोरांनी केक खाल्ला,
फळ्याकडे पाठ करून.
मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर
रजिस्टर उघडून दाखवलं असतं मी,
पानंच्या पानं, माझ्याच अक्षरात:
घरगुती, घरगुती, खाली टिंबं टिंबं, म्हणजे वरीलप्रमाणे.

आज संध्याकाळी आणखी एक आला. विशीचा,
कोपरापर्यंत काळा, अर्ज घडी घालून खिशात.
मी खुर्ची पुढं सरकवली.
"बस. काय झालं?"
तो खुर्चीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
"घरगुतीच लिवा, सायेब. कशाला उगंच."

मी पेनाला टोपण लावलं.
पोराला दोन चहा सांगून यायला पाठवलं असतं,
पण मग तो परत आला नसता.
स्वतःच उठलो.
बाहेर साडेपाचची बस हॉर्न देत होती.