उजवी बाजू

तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडं, उद्यमबागेत,
दुपारच्या सुट्टीत, डबा अजून बंद,
पार्सल फोडलं ते बर काढायच्या चाकूनं.
सतराशे नव्वद रुपये. दोन बोंडं,
एक वायर, सिलिकॉनच्या टोप्या तीन मापांच्या,
आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात : हायब्रीड.

सवयच ती. आधी व्हर्निअर लावला.
नळीचा व्यास डावीकडं पाच पूर्णांक नऊ,
उजवीकडं पाच पूर्णांक नऊ पाच.
चालतंय. एवढ्यात आम्ही पंपाचं झाकण पास करतो.
जोडाची रेघ नखाला लागते, डोळ्याला नाही.
रेझिनच्या पोटात मोहरीएवढा बुडबुडा;
कास्टिंगमध्ये असता तर परत भट्टीत गेला असता,
इथं दागिन्यासारखा दिसतो.
वायर मात्र हलकी. शर्टाला घासली
की कानात कुणी सूप पाखडतंय.

आत दोघं राहतात.
एक दहा मिलिमीटरचा पडदा, दम घेणारा,
त्याच्याकडं खालचं सगळं : हलगी, ढोल, ट्रकचं इंजिन.
दुसरा तांदळाच्या दाण्याएवढा, पत्र्याच्या डबीत,
हवा ढकलायची ताकद नाही, नुसता थरथरतो;
त्याच्याकडं घुंगरं, श आणि स, चमचा पडल्याचा आवाज.
मधे हद्द. स्वस्त मालात ती ऐकू येते :
बाईचा आवाज चढता चढता
या घरातून त्या घरात जातो, उंबऱ्याला ठेचकाळतो.
इथंही ठेचकाळला. बाई पडली नाही.
आम्हाला हद्दीचं काय कौतुक,
एका वाक्यात तीनदा ओलांडतो.

गाणं माझंच, म्हणजे मोबाईलवर धरलेलं,
सौंदत्तीच्या डोंगरावर, माघी पौर्णिमेला.
एका जोगतीचं चौंडकं, बाजूला घुंगरांची काठी,
मागं कुणाचं तरी मूल, खोबरं पाहिजे म्हणून रडणारं.

चौंडक्याची तार बेंबीतून आली.
थोडी फुगलेली, पण या पैशात सपाट कोण देतो?
घुंगरं डावीकडं एकेक दाणा सुटा.
उजवीकडं
भिजलेली.

सापडला की दोष! बरं वाटलं, खोटं कशाला बोलू,
दोष शोधूनच जेवतोय इतकी वर्षं.
लाल टॅग खिशातून निघालासुद्धा.
पण नियम असा, नाकारण्याआधी बाजू बदलून बघा.
बदलल्या. डावं बोंड उजव्या कानात,
उलटं, वाकडंतिकडं, बोटानं दाबून धरलेलं.
घुंगरं पुन्हा डावीकडंच सुटी.
टोपी बदलली. जाळी पुसली. पुन्हा लावलं.
पुन्हा तेच.

ईरप्पा आला ताकाचा ग्लास घेऊन,
"काय ऐकूलालास रे एवढं?"
त्याच्या कानांत घातली. तो डोळे मिटून उभा,
ताक कलंडायला आलं तरी उभा.
मग दोन बोटं जुळवून दाखवली :
"एरडू वंद अदाव."

दोन्ही एकच आहेत.

नव्व्याण्णव ते दोन हजार बारा, फेटलिंग शॉप.
ग्राइंडर माझ्या उजव्या हाताला.
कापसाचा बोळा कधी घातला, कधी नाही;
घातला की फोरमनची हाक ऐकू यायची नाही,
मग शिव्या, त्या मात्र ऐकू यायच्या.
आतला तो दाण्याएवढा, थरथरणारा,
तिथंच केव्हातरी बंद पडला असणार.
कुणी कळवलं नाही.
बायको उजवीकडून काही विचारते, मी "हां" म्हणतो,
ती म्हणते, एवढा कशाचा राग?

भोंगा झाला. तो दोन्हीकडून आला,
मोठ्या पडद्याचं काम अजून चालू आहे.
टॅग परत खिशात. वहीत लिहिलं :
बांधणी ठीक. बुडबुडा चालेल. खालचं जरा जास्त.
उजवी बाजू :

डबा उघडला, भाकरी गार.
मूल अजून खोबरं मागत होतं,
कुणी दिलं की नाही
ते रेकॉर्डिंगमध्ये नाही.