मारू नका

तेरा ऑगस्टला रात्री नऊ चाळीसला
धायरीतल्या एका सोसायटीतून ग्रुपवर फोटो आला.
पार्किंगमध्ये, स्कूटरच्या चाकाला खेटून
वेटोळं घालून बसलेली घोणस.
खाली विचारलं होतं, मारू का?
मी लिहिलं, मारू नका.
मारू नका, लांब थांबा, काठीने डिवचू नका,
बारा मिनिटांत पोचतो.

पोचलो. धरली. वनखात्याच्या माणसाबरोबर
पहाटे लांब नेऊन सोडली.
घरी येऊन हात धुतले, फोन बघितला,
तर मी नव्हतो.

'हिंसेस प्रोत्साहन दिल्यामुळे आपले खाते
कायमस्वरूपी बंद करण्यात आले आहे.'
कपाट ओढताना फरशी घासते ना,
तसं मराठी.

'नका' कुठे गेलं, हेच मला कळेना.
अख्खं वाक्य वाचायला असा किती वेळ लागतो?
आणि आमची भाषा तर मारल्याशिवाय हलतच नाही.
आम्ही गप्पा मारतो, थापा मारतो,
स्वारगेटपर्यंत उगाच एक चक्कर मारतो,
शर्टाला इस्त्री, गाडीला किक,
लेक शाळेतून आली की दप्तरासकट मिठी मारते.
मी कुणाकुणाची तक्रार करू?

अपील केलं. ओळखपत्र जोडलं,
सतरा वर्षांच्या वह्यांचे फोटो जोडले,
तारीख, गल्ली, साप, कुठे सोडला.
अकरा सेकंदांत उत्तर आलं,
आम्ही काळजीपूर्वक तपासले आहे.

घोणससुद्धा आधी
कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते.
मगच चावते.

आणि तो नऱ्ह्याचा रणधीर.
धामण ठेचली त्याने. बिनविषारी, उंदीर खाणारी,
ती दोरीसारखी खांद्यावर टाकून फोटो काढला.
दोनशे चौदा अंगठे.
मी तीनदा कळवलं होतं.
तिन्ही वेळा उत्तर एकच, उल्लंघन आढळले नाही.
बरोबर आहे. त्यात तो शब्दच नव्हता.
नुसती मेलेली धामण होती.

मग बायकोच्या नंबरावरून नवं खातं काढलं.
चूक माझीच.
दुसऱ्या दिवशी ते गेलं, त्याच्याबरोबर
तिच्या डब्यांची एकोणीस गिऱ्हाइकं गेली.
तीन दिवस ती बोलली नाही.
चौथ्या दिवशी म्हणाली, साप बरे तुमचे.
कात टाकली की मोकळे,
आधी कोण होतास म्हणून कुणी विचारत नाही.

काल मध्यरात्रीनंतर
नांदेड फाट्याचा वॉचमन बिभीषण
सायकल हाणत आला.
'ग्रुपवर तुम्ही दिसंना,
काहीजण म्हणले गेले पासलकर,
म्हणलं बघून तरी यावं.
मीटरच्या खोलीत नाग हाय.
दार लावून पोराला बसवलंय बाहेर,
कुणाला हात लावू दिला नाय.'

हे सगळं नंतर, गाडीवर मागे बसून सांगितलं त्याने.
आधी जिन्याखाली उभं राहून
अख्खी चाळ जागी होईल अशी
हाक मारली होती.
दोनदा.