विथ

दाजी पेठेत यंत्रमागाच्या शेडवर
माझी इंग्रजीची शिकवणी.
खालून खटखट चालूच असते,
मी अव्ययंसुद्धा ओरडून शिकवते.

परवा भार्गवी गुंडेटीनं हात वर केला :
"मॅडम, 'फाइट विथ' म्हणजे
त्याच्या बाजूनं की त्याच्याविरुद्ध?"
मी म्हटलं, संदर्भ बघायचा.
उत्तर येत नसलं की
आम्ही संदर्भाकडे बोट दाखवतो.

रात्री अण्णांचा कोश काढला, कसर लागलेला.
हजार वर्षांपूर्वी
'विथ' म्हणजे 'विरुद्ध'च होता.
'विथस्टँड'मध्ये अजून पाय रोवून उभा आहे,
'विथहोल्ड'मध्ये हात आखडून.
सोबतीचा शब्द वेगळाच होता, 'मिड'.
तो वारला. त्याच्या जागेवर
हा भांडकुदळ येऊन बसला.
'मिड' उरला तो सुइणीच्या नावात तेवढा :
मिडवाइफ, बाईच्या सोबत असलेली.

आपला 'शी' तरी कुठे सरळ आहे?
तिच्याशी बोलले, तिच्याशी भांडले,
तिच्याशी अबोला धरला,
तिन्ही घरी जेवून येतो.
आई कन्नडमध्ये 'जोते' म्हणायची,
मला त्यात बैलाच्या गळ्यातलं जोतंच ऐकू यायचं.
अण्णांसोबत तिची चाळीस वर्षं
त्याच शब्दात गेली.

फीचं सांगायला भार्गवीच्या घरी गेले.
उंबऱ्याच्या आत तिची आई, बाहेर तिची जाऊ,
मांडीवर सूप, पाठीला पाठ टेकून
विड्या वळत होत्या.
अकरा वर्षं बोलत नाहीत, भार्गवी कुजबुजली.
नळावरून सुरू झालेलं,
नळ केव्हाच बदलला.
तेवढ्यात आईची पानं संपली.
ती काही बोलली नाही.
जावेनं मान न वळवता
भिजल्या पानांची एक जुडी
मागे सरकवली.
आईनंही न बघता उचलली.

मी फीचं बोललेच नाही.

आज वर्गात सांगितलं, दोन्ही बरोबर.
"पण पेपरात एकच चौकट असते, मॅडम,"
भार्गवी म्हणाली, "काय लिहू?"
मी "दोन्ही!" म्हणून ओरडले,
आणि नेमकी वीज गेली,
खालचे सगळे माग एकदम थांबले.
एवढ्या शांततेत
माझा आवाज
भांडल्यासारखा वाटला.