दुसरा खळगा

हॅनकॉकच्या चढावरचं घर. तांब्याची खाण बंद पडली
तेव्हापासून ते कणाकणानं कालव्याकडं कलतंय.
स्वयंपाकघरात गोटी ठेवली तर ती
कुणाला न विचारता आग्नेयेला जाते.

डार्सी म्हणाली, सगळं नवं करा, फक्त
घराचा स्वभाव जाऊ देऊ नका.
मी मान हलवली. चाळीस वर्षं सुतारकी केली,
गुण्या आहे माझ्याकडं, ओळंबा आहे, पाणपातळी आहे,
स्वभाव मोजायचं हत्यार अजून कुठल्या दुकानात दिसलं नाही.

मार्चमध्ये काम धरलं. बर्फ खिडकीच्या कमरेला.
आधी हिरवं लिनोलियम निघालं, त्याखाली विटकरी,
त्याखाली चौकड्यांचं, त्याखाली
फिनिश वर्तमानपत्र. मला तीनच शब्द लागले:
दूध, मृत्यू, आणि आमच्या गावाचं नाव.
आणि सगळ्याच्या तळाशी मेपलच्या फळ्या,
काकवीच्या रंगाच्या.

सिंकपुढं खळगा, ताटाएवढा. त्यात कोडं नाही.
लेम्पी कोस्केला इथं एकसष्ट वर्षं भांडी घासायची,
भार डाव्या पायावर टाकून.
पण आणखी एक खळगा होता, खिडकीच्या कडेला,
जिथं ना चूल, ना ओटा, ना फडताळ.

ओरिनला लगेच सुचलं: इथं उभी राहून
ती वाट बघत असणार
रात्रपाळीहून परतणाऱ्या दिव्यांची.
डार्सीचे डोळे भरले. मलाही, खोटं कशाला बोलू,
रंधा खाली ठेवावासा वाटला.
आठवडाभर आम्ही तिघं
त्या जागेला वळसा घालून चाललो.

शुक्रवारी भिंतीचा कागद सोलला.
खांद्याच्या उंचीवर स्क्रूची चार भोकं,
भोवती पेन्सिलीचे आकडे:
कोळसा ४१२. डॉक्टर ७०. सायमा. सायमा. सायमा.
सायमाचा नंबर पाचदा बदललेला, दर वेळी
जुना एका सरळ रेघेनं खोडलेला.

टेलिफोन!
वाट कसली, बाई बहिणीशी बोलत होती,
वायर बोटाला गुंडाळून, एका पायावर,
रस्सा उतू जाईस्तोवर.
डार्सी इतकी हसली की भुशातच बसली.

सँडर भाड्यानं आणला होता. दोन्ही खळग्यांपाशी
बंद केला, तिथं हातानं तेल चोळलं.
डिशवॉशरला सपाटी लागते, यंत्राची समजूत घालता येत नाही,
त्याच्या उजव्या पायाखाली पाचर मारली.
कपाटांची खालची कड जमिनीच्या कलानं तासली,
एका टोकाला पाऊण इंच जास्त,
दारं मात्र ओळंब्यात.
बिजागऱ्या सोड्यात उकळल्या, नऊ थर रंग गेला, पितळ निघालं.
एक सापडलीच नाही. तिथली नवी ओळखू येते.
येऊ दे.

भिंत रंगवताना वीतभर जागा सोडली.
सायमाचा पाचवा नंबरही खोडलेला आहे.
त्याखाली काही लिहिलेलं नाही.

परवा डार्सीचा फोन आला, नळ ठिबकतोय म्हणून.
आवाज मध्येच तुटत होता, मग एकदम स्वच्छ झाला.
कुठं गेलीस, मी विचारलं.
खिडकीपाशी, ती म्हणाली,
या घरात रेंज फक्त इथंच येते.